उजवीकडची कुंडली

आमच्या घरमालकांनी आम्हांला सप्तमात ठेवलं होतं, आणि आईने पुष्कळ वर्षं त्यांना ते माफ केलं नव्हतं.

सप्तम म्हणजे पत्रिकेतलं सातवं घर, जोडीदाराचं. मालक विधुर. नाशकात तिवंध्याजवळ त्यांची बैठी चाळ होती. मधे फरसबंदी चौक आणि चहूकडून खोल्या. स्वतः ज्या खोलीत राहत तिला ते पहिलं घर धरत आणि तिथून डावीकडे मोजत जात. मोजता मोजता चौकाच्या बरोबर समोर आमचं दार येई, ते सातवं. नवे भाडेकरू आले की ते ओट्यावरून हात करून सांगत, "हे धनस्थान, हे सुखस्थान, आणि ती समोरची मंडळी माझ्या सप्तमात." आई पदर सावरून आत निघून जायची. अण्णा, म्हणजे माझे वडील, मिशीतल्या मिशीत हसायचे.

खोल्या काही बारा नव्हत्या. पण पत्रिकेत घरं बारा, म्हणून गोठा दहावा, विहीर अकरावी आणि संडास बारावा धरला होता. विहीर लाभस्थानात आली आणि संडास व्ययस्थानात, याचं त्यांना फार समाधान होतं. तक्रार होती ती आठव्या खोलीतल्या शिंप्याच्या बायकोची. आठवं म्हणजे मृत्युस्थान, हे कुणीतरी तिच्या कानावर घातलं, तेव्हा ती तडक ओट्यापाशी आली आणि म्हणाली, मोजायला उजवीकडून सुरुवात करा, नाहीतर खोली सोडते. मालकांनी तिला शांतपणे समजावलं की आठव्या घरावरून आयुष्यही पाहतात, आणि ते तर लांबवरचं दिसतंय. ती परत गेली. पुढे बारा महिने ती सगळ्यांना सांगत होती की मालक मला शंभर वर्षं देणार आहेत.

सगळी चाळ त्यांना तोंडावर काका म्हणे आणि माघारी चलितकाका. ते नाव कसं पडलं, ते सांगायचं तर थोडं पत्रिकेत शिरावं लागेल. मी ते त्यांच्याकडूनच शिकले. तेव्हा मी सतरा-अठराची होते. मराठी फायनल, म्हणजे सातवीची परीक्षा, झाली होती, गणित बरं होतं, पुढे शिकायची सोय नव्हती आणि लग्न ठरेपर्यंत करायला काही नव्हतं. साधारण एकोणीसशे तीस-बत्तीसच्या सुमाराची ही वर्षं. दुपारी मी धान्य निवडायला ओट्यावर बसे आणि काका खडूने फरशीवर बारा घरं आखत.

ग्रह काय करतो, तर बसल्या घरातून समोरच्या घराकडे पाहतो. समोरचं म्हणजे सातवं. ही दृष्टी सगळ्या ग्रहांना आहे. काका म्हणत, यात नवल काय, दार उघडलं की समोरचं दिसतंच. पण तिघांना आणखी खिडक्या आहेत. मंगळ आपल्यापासून चौथ्या आणि आठव्या घराकडेही पाहतो. गुरू पाचव्या आणि नवव्याकडे. शनी तिसऱ्या आणि दहाव्याकडे. शनीचं उदाहरण म्हणून पाचव्या खोलीतल्या काकू होत्या. आपल्यापासून तिसऱ्या घरात काय शिजतंय आणि दहाव्या घरात कोण आलंय, ते त्यांना जागचं न हलता कळे. खरं म्हणजे त्यांना बाराही घरांतलं कळे, पण काका म्हणत, ते शास्त्राबाहेरचं आहे.

गुरूविषयी बोलताना त्यांचा आवाज खाली येई. गुरू ज्या घरात बसतो त्या घराला फारसं काही देत नाही, उलट तिथलं थोडं घालवतोच. पण ज्या घरांकडे पाहतो त्यांचं भलं करतो. हे मला तेव्हा चमत्कारिक वाटलं. जिथे राहायचं तिथेच उणं पाडायचं, हा कुठला शुभ ग्रह, असं मी विचारलं. ते म्हणाले, "असतात अशी माणसं."

आता चलित. पत्रिकेच्या कागदावर इतर ज्योतिषी एकच कुंडली काढत. पूर्वेला जी रास उगवत असेल ती पहिलं घर, पुढची रास दुसरं, की झालं. ग्रह ज्या राशीत तो त्याच घरात. काकांना हे मान्य नव्हतं. ते म्हणत, रास ही भिंत आणि भाव, म्हणजे पत्रिकेतलं घर, हा वावर, आणि या दोन गोष्टी नेहमी जुळतात असं नाही. मग ते नवव्या खोलीतल्या कंपाउंडरकडे बोट दाखवत. त्याची खोली नववी, पण दवाखान्यातून आला की हा आठव्यात शिंप्याकडे पत्ते कुटत बसायचा, तिथेच चहा प्यायचा आणि तिथेच भांडायचा. "कागदावर नववा. पण शोधायला जाशील तर कुठे जाशील?" म्हणून ते आधी उगवतीचा अंश काढत, मग माथ्यावरचा, मधल्या कमानीचे सारखे भाग पाडत, त्यावरून प्रत्येक घराचा मध्य ठरवत आणि दोन मध्यांच्या मधोमध शीव धरत. तिला संधी म्हणतात. ग्रह संधीच्या अलीकडे पडला की तो मागच्या घरात गेला. ही दुसरी कुंडली म्हणजे चलित. काका प्रत्येक कागदावर डावीकडे राशीची कुंडली काढत आणि उजवीकडे चलित, दोन्हींच्या खाली सही करत आणि म्हणत, डावीकडची पाहुण्यांसाठी, उजवीकडची खरी.

ही शिवांची आवड त्यांना नोकरीतून लागली होती. त्यांचा जन्म मोजणीखात्यात गेला होता. पेठ, सुरगाणा, कळवण, सगळीकडे साखळी टाकत हिंडले होते. एक गोष्ट ते वारंवार सांगत. कळवणकडे दोन शेतांची हद्द मोजताना रेघ एका म्हातारीच्या खोपटातून गेली. खोपटाची चुलीकडची बाजू शेजाऱ्याच्या हद्दीत आली. म्हातारी साखळीच्या पुढ्यात येऊन बसली आणि म्हणाली, "साहेब, चूल तरी माझी ऱ्हाऊ द्या." काकांनी तिला बाजूला बसवलं, पुन्हा मोजलं आणि जे आलं तेच नकाशावर लिहिलं. गोष्ट इथे संपे. संपल्यावर ते छाती पुढे काढून म्हणत, "साखळी कुणाची भीड धरत नाही."

जन्मवेळेच्या बाबतीत तर विचारू नका. कुणी पत्रिका मांडायला आलं की पहिला प्रश्न, घड्याळ कुठलं, गावचं की रेल्वेचं? कारण तेव्हा दोन्ही चालत आणि त्यांत अर्ध्या तासाहून अधिक फरक. माणसं गोंधळत. पहाटे, कोंबडा आरवला तेव्हा, पाहुणे जेवून उठले तेव्हा, अशी उत्तरं येत आणि काका कपाळाला हात लावत. एकदा देवळालीच्या कॅम्पात टांगा हाकणारे चाचा आले. त्यांची घोडी भलतीच चिडखोर झाली होती आणि तिच्या नशिबात काय आहे ते त्यांना बघायचं होतं. अण्णांना वाटलं, आता काका तापतात. पण काकांनी गंभीरपणे जन्मवेळ विचारली. चाचा म्हणाले, "फजरच्या नमाजाच्या जरा आधी. मी वजूला बसलो होतो, तेवढ्यात पोरगी ओरडत आली, शिंगरू झालं म्हणून." काका खूश झाले. इतकी नेमकी वेळ त्यांना ब्राह्मणांच्या घरांतूनही मिळत नसे. त्यांनी घोडीची पत्रिका मांडली, डावीकडची नि उजवीकडची दोन्ही, खाली सह्या केल्या आणि सांगितलं की शनीची दृष्टी तिच्या पायांवर आहे, नाल तपासा. नाल खरोखरच बिघडलेला निघाला. चाचा जन्मभर त्यांच्याकडून टांग्याचं भाडं घेत नसत, आणि काका जन्मभर पायी चालत.

त्यांचे प्रतिस्पर्धी गंगेच्या, म्हणजे आमच्या गोदावरीच्या, पलीकडे राहत. पंचवटीतले एक गुरुजी, मोठे विद्वान, अंगाने भारदस्त, आणि डाव्या कुंडलीचे कट्टर. रोज सकाळी स्नानाला दोघं घाटावर एकाच पायरीवर येत आणि ओल्या पंच्यानिशी वाद घालत. गुरुजी म्हणत, भाडं एका घराचं आणि वस्ती दुसऱ्या घरात, हा काय व्यवहार झाला? काका म्हणत, आमच्या कंपाउंडरला विचारा. घाटावरची भाजीवालीसुद्धा विचारायची, आज कोण जिंकलं. कुणीच कधी जिंकत नसे, म्हणूनच तो वाद इतकी वर्षं टिकला होता.

या सगळ्याची मला गंमत वाटायची. माझं लग्न ठरवायची वेळ आली आणि गंमत संपली.

माझी पत्रिका अर्थात काकांनीच मांडलेली. माझं लग्न, म्हणजे जन्मवेळी उगवतीला असलेली रास, तूळ, पण उगवतीचा अंश अगदी शेवटचा. मंगळ मिथुनेत, अगदी पहिल्या अंशांत. तुळेपासून मिथुन नववी, म्हणजे डाव्या कुंडलीत मंगळ भाग्यात. कुणी बोट ठेवू नये असा. पण उजवीकडे संधी आडवी आली, आणि मंगळ तिच्या अलीकडे राहून आठव्यात गेला. आठव्यातला मंगळ मुलीला म्हणजे नवऱ्याच्या जिवाला घोर, हे आपल्याकडे सांगावं लागत नाही. थोडक्यात, माझा मंगळ हा नवव्या खोलीतला कंपाउंडर होता.

सिन्नरचं स्थळ आलं, पत्रिका पाहिली आणि गेलं. येवल्याचं आलं, मला पसंत केलं, हुंड्याचं बोलणंही टळलं, आणि मग तेही उजव्या कुंडलीपाशी अडलं. आईने या वेळी दुसऱ्या एका जोश्यांकडून नुसती डावीकडची मांडून घेतली होती. पण नाशकात कोण कुणाच्या चाळीत राहतं, ते लपत नाही. येवलेकरांनीच विचारलं, तुमच्या घरमालकांसारखा मोजणारा माणूस असताना परक्याची पत्रिका का दाखवता? मग आम्हांला काकांची काढून दाखवावी लागली.

त्या दिवशी आई पहिल्यांदा चौक ओलांडून त्यांच्या ओट्याशी गेली. सप्तमातून तनुस्थानात, पहिल्या घरात, असं मी एरवी म्हटलं असतं. ती रडली नाही. तिने एवढंच म्हटलं की काका, तुम्ही पत्रिका पुन्हा लिहा आणि उजवीकडची काढू नका. नाही काढली म्हणून ती खोटी होते का? काका तिच्याकडे न बघता म्हणाले, "वहिनी, मी आकडा लपवलेला नाही कधी." आई परत आली आणि तिने त्या दिवसापासून सणासुदीचं ताट त्यांच्याकडे पाठवणं बंद केलं. अण्णा देवळालीला कॅम्पातल्या एका दुकानात कारकून होते, सकाळच्या गाडीने जात आणि अंधार पडता परत येत. ते गप्प गप्प झाले. वडील माणसाचं ते गप्प होणं मला स्थळं मोडण्यापेक्षा जड गेलं.

मी एक केलं. दुपारी ओट्यावर जाऊन काकांचं लॉगच्या कोष्टकांचं पुस्तक आणि जुनं पंचांग मागून घेतलं आणि माझीच पत्रिका मुळापासून मांडायला बसले. मनात आशा होती की कुठेतरी चूक सापडेल. एखादा हातचा राहिला असेल, घड्याळाचा फरक उलटा धरला असेल. चार दुपारी मी ते गणित केलं. काका बाजूला बसून नव्या पंचांगाची पानं उलटत होते, पण एकदाही डोकावले नाहीत. शेवटी मी पाटी पुसली.

"काका, तुमचं बरोबर आहे," मी म्हटलं. "मंगळ अष्टमातच येतो. मी सगळीकडून करून पाहिलं."

मला वाटलं होतं त्यांना बरं वाटेल. आपलं गणित कुणी तपासलं आणि बरोबर निघालं की त्यांचा चेहरा एरवी उजळे. पण ते चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसत राहिले, मग उठून विहिरीशी गेले आणि उगीचच पाय धुतले.

मनमाडचं स्थळ त्यानंतर आलं. मुलगा रेल्वेत तारबाबू, शांत, निर्व्यसनी. त्यांनी मला पाहिलं होतं, आणि मीही त्यांना दाराआडून पाहिलं होतं. हे आता मी आजी झाल्यावर सांगायला हरकत नाही: मला ते आवडले होते. चहाची बशी खाली ठेवताना आवाज होऊ नये म्हणून ते बोट मधे धरत होते, एवढंच मी पाहिलं आणि तेवढ्यावर माझं ठरलं. हे मोडलं असतं तर मला वाटतं मी पुन्हा कुणापुढे पोहे घेऊन गेले नसते.

मुलाचे वडील मात्र पत्रिकेला मानणारे. आणि त्यांच्या घराण्याचे उपाध्याय कोण, तर पंचवटीतले गुरुजी.

बैठक काकांच्या खोलीत झाली, आमची खोली पुरणार नव्हती म्हणून. सतरंजीवर मुलाचे वडील, मुलगा, भिंतीला टेकून गुरुजी, एका कडेला अण्णा. आई आणि मी आतल्या दाराशी. काका आपल्या नेहमीच्या जागी, खिडकीखाली. मधे माझी पत्रिका पसरलेली, दोन्ही कुंडल्या वर.

गुरुजींनी ती बराच वेळ पाहिली. मग मुलाच्या वडिलांना म्हणाले की माझ्या मताने मुलीला मंगळ नाही, नवमात आहे, उत्तम आहे. पण माझं मत आणि ज्यांनी ही मांडली त्यांचं मत एक नाही, आणि मांडणाऱ्याला डावलून तुम्ही पुढे जाऊ नये. त्यांच्या उजवीकडच्या कुंडलीने मंगळ अष्टमात येतो. तेव्हा त्यांनाच विचारा.

यात डाव नव्हता असं मी म्हणणार नाही. घाटावरच्या इतक्या वर्षांच्या वादात गुरुजींना अशी पकड कधी मिळाली नव्हती. काका आपल्या चलिताला धरून राहिले तर माझं लग्न मोडत होतं, आणि माझं लग्न राखायचं तर त्यांना चलित सोडावं लागणार होतं, तेही गुरुजींच्या देखत. पण हेही खरं की गुरुजींनी मुलाच्या वडिलांना फसवलं नाही.

मुलाचे वडील हात जोडून म्हणाले, "काका, तुमचा शब्द शेवटचा. यातली कुठली धरायची?"

आईने माझा हात धरला. तिला काकांचं उत्तर ठाऊक होतं आणि मलाही. जो माणूस म्हातारीच्या चुलीसाठी साखळी हलवत नाही, तो माझ्यासाठी काय हलवणार?

काकांनी कागद जवळ ओढला. उजवीकडच्या कुंडलीवर हात ठेवला, तळवा पसरून, अख्खी झाकली जाईल असा.

"डावीकडची धरा," ते म्हणाले.

गुरुजी भिंतीपासून पुढे झाले. "आणि उजवीकडची?"

"तो माझा नाद होता. तुम्ही म्हणत आलात तेच बरोबर. ग्रह ज्या राशीत, त्याच घरात."

मला वाटलं, गुरुजी आता हसणार. ते हसले नाहीत. काकांकडे बघत राहिले आणि मग अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं, "नक्की?"

"चार माणसांत सांगितलं," काका म्हणाले. "आता आणखी काय करू?"

मुलाच्या वडिलांनी सुपारी मागितली. आई आत वळली आणि पदर तोंडाशी धरून चुलीपाशी बसून राहिली. मी बाहेर येऊन सगळ्यांना नमस्कार केला. काकांच्या पायावर डोकं ठेवलं तेव्हा ते म्हणाले, "पुरे, पुरे, पोहे गार होतायत."

दुसऱ्या दिवशी अख्ख्या नाशकाला कळलं. घाटावर, रविवार कारंजावर, सराफांच्या दुकानांत, काकांनी चलित सोडलं हीच चर्चा. पोरं त्यांना विचारू लागली की आता कंपाउंडर कुठल्या घरात? लांबलांबून जी माणसं मुद्दाम उजवीकडच्या कुंडलीसाठी येत ती यायची थांबली. जो स्वतःच नाद म्हणतो त्याच्याकडे कशाला जायचं? काका पत्रिका मांडत, पण नुसती डावीकडची. कागदाचा उजवा अर्धा भाग कोरा. कोराच ठेवत, डावीकडची कुंडली मोठी करून मधे काढत नसत.

लग्नाच्या आदल्या आठवड्यात, मेंदीचे हात घेऊन मी ओट्यावर गेले आणि विचारलं, काका, चलित खोटं का हो?

त्यांनी कळवणची गोष्ट काढली. मला वाटलं, तीच ती. पण या वेळी ती पुढे गेली. म्हणाले, म्हातारी पुढच्या पावसाळ्यात लेकीकडे गेली ती परतली नाही. शेजाऱ्याला त्या चुलीच्या जागेचा काही उपयोग नव्हता, तिथे रुईची झुडपं वाढली. मी पुढे त्या रस्त्याने जाताना पाहायचो. "अगं, जमीन थोडीच सांगते की माझ्यातून अशी रेघ जाते म्हणून. रेघ आपण ओढतो. गणित चोख होतं, पण दोन हात सरकवलं असतं तर आभाळ कोसळत नव्हतं. ती म्हणाली तेव्हा मला ते कळलं नाही. तू काही मागितलं नाहीस, उलट माझं गणित बरोबर म्हणालीस, तेव्हा कळलं."

मला रडू आलं आणि मेंदीच्या हातांनी डोळे पुसता येईनात. त्यांनी आपल्या उपरण्याचं टोक पुढे केलं.

ज्या आईने त्यांचं ताट बंद केलं होतं तिने माझ्या लग्नात पहिली पंगत बसायच्या आधी त्यांचं पान स्वतः वाढलं. आणि नंतर कुणीही पाहुणा आला की तीच सांगायची, आम्ही मालकांच्या सप्तमात राहतो, अशी काही ऐटीत की पाहुण्याने बिचकावं. गुरुजींचंही नवल झालं. घाटावर ते काकांच्या शेजारी येऊन बसत, पण वाद होईना. मग तेच कुरकुर करू लागले की तुम्ही गप्प झालात आणि मला स्नानाला यायची गोडी राहिली नाही. एकदा तर त्यांनी स्वतःच चलिताची बाजू मांडून पाहिली, काकांना चिडवायला. काका हसले आणि धोतर पिळत घरी आले.

मी मनमाडला संसार करत होते, आणि संसार चांगला चालला होता. रेल्वेच्या घड्याळावर उठायचं, रेल्वेच्या घड्याळावर जेवायचं. ड्यूटीवरून यायला यांना जरा उशीर झाला की पहिली काही वर्षं मी दार आणि घड्याळ यांच्यामध्ये येरझारा घालायची, हे मी खोटं सांगणार नाही. आठवा मंगळ मी स्वतःच्या हाताने मांडला होता ना. पण हे दारात दिसले की मला दर वेळी काकांचा तो कागदावर पसरलेला हात आठवायचा. त्या हाताखाली मी संसार केला. गुरू बसतो त्या घराला देत नाही आणि पाहतो त्या घराचं भलं करतो, हे त्यांनी शिकवलं तेव्हा मला पटलं नव्हतं. त्यांच्या ओट्यावरची वर्दळ आटली आणि समोरचं आमचं घर सुखी झालं, तेव्हा पटलं.

पहिल्या बाळंतपणाला मी माहेरी नाशकाला आले आणि मुलगी झाली. सुईणीच्या मागे उभं राहून आईने घड्याळ पाहिलं होतं आणि कुठलं घड्याळ तेही सांगितलं होतं. सोयर फिटल्यावर मी मुलीला घेऊन चौक ओलांडला. काका थकले होते, पण त्यांनी आनंदाने पत्रिका मांडली. डावीकडची काढली, खाली सही केली आणि कागद माझ्यापुढे सरकवला. उजवा भाग कोरा.

"आणि ही?" मी विचारलं.

"मी चार माणसांत सांगितलंय," ते म्हणाले. "माझ्याने आता ती काढवणार नाही."

"तुम्ही सांगितलंय. मी नाही सांगितलेलं."

मी मुलीला त्यांच्या मांडीवर दिलं आणि लॉगचं पुस्तक ओढलं. ते बाळाला थोपटत राहिले, नजर छताकडे. मी उगवतीचा अंश काढला, माथ्यावरचा काढला, कमानीचे भाग पाडायला लागले. थोड्या वेळाने त्यांची नजर छतावरून खाली आली. मग माझ्या पेन्सिलीवर आली. मग त्यांना राहवेना.

"वजाबाकी पाहा," ते म्हणाले.

पाहिली. चुकली होती. बाळंतपणाने माझं डोकं गेलं आहे असं ते म्हणाले आणि बाळाला घेऊन जवळ सरकले. मग पुढची दुपार कशी गेली ते आम्हांला कळलं नाही. ते एक एक संधी विचारत होते आणि मी सांगत होते, एखादी चुकली की ते मांडीवरच्या मुलीला सांगत, बघ, तुझी आई बघ. कुंडली भरून झाली तेव्हा त्यांनी ती डोळ्यांजवळ नेऊन वाचली. चेहरा उजळला होता, पूर्वी उजळायचा तसा.

"मांडणी चोख आहे," ते म्हणाले. "खाली तुझी सही घाल. ही तू काढलीस."

मी सही केली. माझ्या लेकीच्या पत्रिकेवर अजून तशाच दोन सह्या आहेत, डावीकडे त्यांची, उजवीकडे माझी.

एवढ्यात आई बाळाला दूध द्यायला बोलवायला आली आणि कागदावर दोन कुंडल्या पाहून दारातच थबकली. जुनी भीती तिच्या चेहऱ्यावर आली. पुढे हिच्या लग्नात कुणी विचारलं, यातली कुठली धरायची, तर काय सांगायचं, असं तिने काकांना विचारलं.

काकांनी मुलीला माझ्या हातात दिलं.

"मला कशाला विचारता, वहिनी," ते म्हणाले. "हिच्या आईला विचारा. तिला माहीत आहे."